कोल्ड रूम घेताना मशीन सगळ्यात शेवटी बघा

मागच्या उन्हाळ्यात चोरखमाऱ्याला मामाकडे गेले होते. तिरोडा तालुक्यातलं हे गाव बऱ्याच जणांना नागझिऱ्याचं एक गेट म्हणून माहीत असतं. आम्हाला ते तलावामुळे जास्त माहीत. ब्रिटिश काळात बांधलेला मोठा तलाव, मागे जंगल आणि पाळीवरून दिसणारं पाणी. संध्याकाळी पाळीवर फिरायला गेलो, तेव्हा मामाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. कोल्ड रूमचं कोटेशन होतं ते. परिसरातली एक मच्छीमार संस्था कर्ज काढून छोटी कोल्ड रूम घ्यायच्या विचारात होती, आणि संस्थेतल्या लोकांशी मामाची ओळख.

"तू थंडीवरच पीएच.डी. करतेस ना? मग मशीन कितीची लागंल, तेवढं सांग ना बाई."

कोटेशनमध्ये कंप्रेसर किती एचपीचा, खोली किती फुटांची आणि एकूण रक्कम किती, एवढंच होतं. भिंतीच्या पॅनेलची जाडी कुठे लिहिलेली नव्हती. मासे रोज किती किलो येणार, ते किती गरम असणार, खोली किती तापमानाला ठेवायची, यातलं काहीच कुणी विचारलेलं नव्हतं. मी मामाला म्हटलं, मशीनचं शेवटी बघू. त्याला ते पटलं नाही. म्हणून हा लेख.

तसं माझं संशोधन कोल्ड रूमवर नाही. वितळताना उष्णता धरून ठेवणारे पदार्थ हा माझा विषय. पण त्यांचा उपयोग शेवटी अशाच खोल्यांत होतो, त्यामुळे गेली तीन वर्षं मी याच हिशोबांत आहे. इथे जे गणित येईल ते दहावीच्या पलीकडचं नाही.

प्रश्न एवढा महत्त्वाचा का?

भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, आणि पाटबंधाऱ्याचे तलाव मिळून इथे पाण्याची कमी नाही. रोहू, कतला, मृगळ, झिंगे हा मुख्य माल. मरळ जिवंतच विकली जाते, तिला थंडी लागत नाही. बाकीच्या मालाची अडचण अशी, की मोठी मासेमारी बहुतेक वेळा तलावाचं पाणी उतरल्यावर होते, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. एकाच दिवशी भरपूर मासा निघतो, बाहेर ४५ अंश तापमान, आणि दुपारनंतर मिळेल त्या भावाला माल द्यावा लागतो.

लुधियानाच्या सिफेट या केंद्रीय संस्थेने २०१५ मध्ये देशभरातल्या काढणीनंतरच्या नुकसानीचा अहवाल दिला. त्यात गोड्या पाण्यातल्या माशांचं नुकसान ५.२३ टक्के आणि समुद्री माशांचं १०.५२ टक्के होतं. पण हे सडून किंवा वाया गेलेल्या मालाचं मोजमाप झालं. मासा सडत नाही पण अर्ध्या भावात जातो, तो तोटा अशा आकड्यात पूर्ण दिसत नाही. आपल्याकडे विकणाऱ्या बायकांना विचारा, त्या हाच तोटा आधी सांगतील.

म्हणजे कोल्ड रूमची गरज खरी आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा कामांना अनुदानही आहे; सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. मात्र अनुदान मिळतं ते उभारणीला. विजेचं बिल दर महिन्याला येतं आणि ते संस्थेनेच भरायचं असतं. तिरोडा तालुक्यात ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, म्हणून तिरोड्याला वीज स्वस्त मिळत नाही. बिल झेपलं नाही की खोली बंद पडते, कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो. हे बिल किती येणार, ते बहुतांशी ऑर्डर देण्याच्या दिवशीच ठरतं.

मशीन थंडी 'भरत' नाही

आपण म्हणतो, एसीने खोलीत थंडी सोडली. खरं तर थंडी नावाची वस्तू नसते. मशीन एकच काम करतं, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतं. विहिरीत झरे असतात आणि आपण पंप लावून पाणी बाहेर काढतो, तसंच. झरे जेवढे मोठे, पंप तेवढा जास्त वेळ चालणार. मोठा पंप घेतला म्हणून झरे बंद होत नाहीत.

कोल्ड रूमला असे पाच झरे असतात: भिंती, दार, आतला माल, आतले पंखे आणि आतले दिवे-माणसं. एकेक मोजून बघू. उदाहरणासाठी ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २.४ मीटर उंच खोली घेते, म्हणजे साधारण दहा बाय दहा फूट आणि आठ फूट उंची. आत २ अंश ठेवायचे. बाहेर मे महिन्यातली दिवसरात्रीची सरासरी ३७ अंश. रोजचा माल २०० किलो. हे आकडे माझे, उदाहरणापुरते. तुमचे आकडे घालून तुम्ही हेच गणित करू शकता.

पहिला झरा: भिंती

कोल्ड रूमच्या भिंती म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये कडक फोम भरलेले पॅनेल, बाजारात त्यांना पफ पॅनेल म्हणतात. उष्णता आत येण्याचा वेग असा काढतात: भिंत, छत, जमीन मिळून क्षेत्रफळ गुणिले आत-बाहेरच्या तापमानातला फरक गुणिले ०.०२३, आणि याला पॅनेलच्या जाडीने (मीटरमध्ये) भागायचं. उत्तर वॉटमध्ये येतं. ०.०२३ हा चांगल्या पफचा आकडा.

आपल्या खोलीचं सहाही बाजूंचं क्षेत्रफळ ४६.८ चौरस मीटर होतं. तापमानातला फरक ३५ अंश.

पॅनेल १०० मिलिमीटरचं असेल तर ३७७ वॉट, म्हणजे दिवसाला ९ युनिट उष्णता आत येते. ६० मिलिमीटरचं असेल तर दिवसाला १५ युनिट. (युनिट म्हणजे बिलावरचंच युनिट, किलोवॅट-तास. पण इथे ते उष्णतेचं मोजमाप आहे, विजेचं नाही. वीज किती लागते ते पुढे बघू.)

हे सहा युनिट दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही, खोलीत एकच टोपली असली तरी येत राहतात. पातळ पॅनेल घेताना थोडे पैसे वाचतात, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं ते थोडे थोडे करून परत जातात. मशीन पुढे कधीतरी बदलता येतं. भिंत सहसा कुणी बदलत नाही.

अमेरिकेत २००७ च्या ऊर्जा कायद्याने तीन हजार चौरस फुटांपेक्षा लहान वॉक-इन कूलर आणि फ्रीझरना नियम लावले, २००९ पासून ते लागू झाले. कूलरच्या भिंतीला त्यात जो रोध सांगितला आहे, तो वरच्या सूत्रात घातला तर पफची जाडी जवळजवळ बरोबर १०० मिलिमीटर येते. फ्रीझरच्या भिंतीला साधारण १३० मिलिमीटर. तिथल्यापेक्षा आपला मे महिना काही सौम्य नाही. त्यामुळे कूलरला १०० मिलिमीटर ही चैन समजू नका.

भिंतीबाबत आणखी दोन गोष्टी. एक, जमीन. "खाली काँक्रीट आहेच की" म्हणून जमिनीखालचा थर गाळलेला मी पाहिला आहे. काँक्रीट उष्णता अडवत नाही. दोन, छत. खोली पत्र्याच्या शेडमध्ये असते आणि उन्हात पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. खोलीचं छत आणि पत्रा यांच्यात मोकळी जागा ठेवा आणि तिथून वारा जाऊ द्या. याला फारसा खर्च नाही.

दुसरा झरा: दार

हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा मी स्वतः दोनदा तपासलं होतं. दार जास्त महागात कधी पडतं, मे महिन्यात की पावसाळ्यात?

सगळे मे म्हणतात. दुपारची हवा ४३ अंश पण कोरडी, आर्द्रता २० टक्के धरू. आपल्या खोलीतली सगळी हवा एकदा बाहेर जाऊन ही हवा आत आली, तर ती २ अंशांपर्यंत आणायला साधारण ०.४४ युनिट उष्णता काढावी लागते. आता पावसाळ्यातली हवा घ्या, ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के. तिच्यासाठी लागतात साधारण ०.६२ युनिट. म्हणजे हवा अकरा अंशांनी थंड असूनही ओझं जास्त.

याचं कारण वाफ. दमट हवेत पाणी वाफेच्या रूपात असतं, आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना ती भरपूर उष्णता सोडते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तेच इथे मशीनच्या कॉइलवर होतं. शिवाय कॉइल शून्याखाली असते, त्यामुळे ते पाणी तिच्यावर गोठतं. बर्फाचा थर बसला की हवा नीट जात नाही, मशीन जास्त चालतं, आणि लोक म्हणतात गॅस कमी झाला वाटतं. बऱ्याचदा गॅस ठीक असतो. दार नीट लागत नसतं.

दिवसात वीस वेळा पूर्ण हवा बदलली तर पावसाळ्यात १२ युनिटांच्या वर जातं. म्हणजे दाराचा झरा १०० मिलिमीटरच्या सगळ्या भिंतींपेक्षा मोठा. आणि त्यावरचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे: प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा, आपोआप लागणारं दार आणि शाबूत रबर. पट्ट्या एकमेकींवर नीट चढलेल्या असतील आणि खालपर्यंत पोचत असतील, तर शिरणारी हवा निम्म्याहून जास्त कमी होते. ये-जा करताना त्रास होतो म्हणून पट्ट्या बाजूला बांधून ठेवल्या, तर त्यांचा उपयोग शून्य. वर सांगितलेल्या अमेरिकी कायद्यात आपोआप लागणारं दार आणि असा पडदा (किंवा तसाच दुसरा उपाय) सक्तीचे आहेत.

तिसरा झरा: मासा

एक किलो माशाचं तापमान एक अंशाने कमी करायला साधारण ३.६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. २०० किलो मासा ३० वरून २ अंशांवर आणायचा तर ५.६ युनिट. तोच मासा पाण्यातून काढल्याबरोबर बर्फात ठेवला आणि ४ अंशांवर खोलीत आला, तर फक्त ०.४ युनिट.

आता कुणी म्हणेल, बर्फ तयार करायलाही वीज लागतेच. बरोबर, इथे उष्णता नाहीशी झालेली नाही, तिचं काम दुसऱ्या मशीनने केलं. मग बर्फाचा फायदा काय? वेग. पाण्यातून निघाल्यापासून पहिले काही तास माशासाठी सगळ्यात नाजूक असतात. खोलीत रचलेल्या टोपलीतला मधला मासा हवेने थंड व्हायला खूप वेळ लागतो, कारण हवा उष्णता फार हळू नेते. बर्फ आणि त्याचं पाणी प्रत्येक माशाला टेकलेलं असतं. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. हिशोबाने तीन किलो माशाला एक किलो बर्फ पुरायला हवा, पण आपल्या उन्हात निम्मा-अधिक बर्फ टोपलीबाहेरच्या उष्णतेतच संपतो. म्हणून उष्ण प्रदेशात एकास एक प्रमाण धरायला सांगतात.

म्हणून खोलीच्या आधी बर्फाचा आणि बंद खोक्यांचा विचार करा. तलावावरून येईपर्यंतच मासा खराब झाला, तर पुढची खोली त्याला पुन्हा ताजा करू शकत नाही.

चौथा आणि पाचवा: पंखे आणि दिवे

आत कॉइलवर पंखे असतात. समजा दोन साधे पंखे मिळून २०० वॉट घेतात आणि दिवसभर चालतात. वीज गेली ४.८ युनिट. पण ती वीज खोलीतच उष्णता झाली, आणि ती बाहेर काढायला पुन्हा वीज लागली. पंख्याचं बिल असं दोनदा भरावं लागतं. 'ईसी' मोटर नावाचे पंखे मिळतात, ते तेवढ्याच हवेसाठी साधारण एक तृतीयांश वीज घेतात. जुन्या साध्या छोट्या मोटरींमध्ये विजेचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा फिरण्यात जातो, बाकी नुसती तापते. आतला दिवाही एलईडीच हवा, आणि त्याचं बटण बाहेर दिसेल अशा जागी, म्हणजे चालू राहिला तर लक्षात येतं.

आता मशीन

उष्णता किती काढायची ते कळलं. त्याला वीज किती लागेल हे दोन तापमानांवर ठरतं: आतली कॉइल किती थंड आणि बाहेरची कॉइल किती गरम. यांच्यात जितकं अंतर, तितका चढ जास्त. साडी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ मध्ये उष्णतेच्या इंजिनांबद्दल जो विचार मांडला, त्यावरून या चढाची कमाल मर्यादा काढता येते. आतली कॉइल उणे ६ आणि बाहेरची ५० अंश असेल तर एका युनिट विजेत जास्तीत जास्त ४.८ युनिट उष्णता हलते. बाहेरची ६० झाली तर ४. खरी मशीन याच्या निम्म्याच्या आसपास देतात, म्हणजे २.४ आणि २.

हा दहा अंशांचा फरक कुठून येतो? बाहेरचं युनिट कुठे ठेवलं यातून. चोरी होईल म्हणून ते बंद खोलीत ठेवतात, ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतं. किंवा पश्चिमेच्या भिंतीला लावतात, दुपारभर ऊन. किंवा भाताच्या भुशाने आणि धुळीने जाळी बुजते. सावली द्या, गरम हवेला निघायला मोकळी वाट ठेवा, चोरीची भीती असेल तर भिंतीऐवजी जाळीचा पिंजरा करा आणि महिन्यातून एकदा कॉइल साफ करा.

दोन खोल्यांचा हिशोब

आता सगळं एकत्र मांडू. खोलीचा आकार तोच, मासाही तोच २०० किलो, आत २ अंश. भिंतीला मे महिना धरला आहे आणि दाराला पावसाळ्यातला जड आकडा, म्हणजे हा वर्षातल्या अवघड दिवसाचा हिशोब आहे.

पहिली खोली: ६० मिलिमीटर पॅनेल, साधे पंखे, पडदा नाही, मासा गरम, बाहेरचं युनिट कोंडलेलं. उष्णता: भिंती १५, दार १२.४, मासा ५.६, पंखे ४.८, दिवे-माणसं १. एकूण सुमारे ३९ युनिट. दोनने भागलं की १९.५ युनिट वीज, त्यात पंखे-दिव्यांचे ५.३. दिवसाला सुमारे २५ युनिट.

दुसरी खोली: १०० मिलिमीटर पॅनेल, ईसी पंखे, पडदा, बर्फातला मासा, युनिट सावलीत. उष्णता: भिंती ९, दार ४, मासा ०.४, पंखे १.७, दिवे ०.३. एकूण १५.४ युनिट. २.४ ने भागलं की ६.४, त्यात पंखे-दिव्यांचे २. दिवसाला साडेआठच्या आत.

हिशोब सोपा जावा म्हणून युनिटला १० रुपये धरू. पहिली खोली महिन्याला ७,५०० च्या आसपास, दुसरी अडीच हजार. बर्फाचा खर्च वेगळा धरा, तरी फरक मोठाच राहतो. आणि दुसऱ्या खोलीला मशीनही लहान पुरतं, म्हणजे जाड पॅनेलला गेलेले काही पैसे तिथेच परत येतात. मशीन शेवटी बघा म्हणते ते यासाठी. आधी मशीन ठरवलं तर झरे बुजवायचं कारणच उरत नाही. आधी झरे बुजवले तर मशीन आपोआप लहान होतं.

"मोठं मशीन घेतलं तर बरं ना, मे महिन्यात कमी नाही पडणार?" हा मामाचा प्रश्न. गरजेपेक्षा फार मोठं मशीन पटकन थंड करून बंद पडतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा बंद. दर वेळी सुरू होताना कंप्रेसरवर ताण येतो आणि तो लवकर जातो. सगळ्यात वाईट दिवशी दिवसातले १६ ते १८ तास चालेल इतकं मशीन साधारण योग्य मानतात. उरलेला वेळ कॉइलवरचा बर्फ वितळायला आणि वीज गेली तर भरून काढायला.

फ्रीझर हवाच का?

कोटेशनमध्ये "कूलर-कम-फ्रीझर" असं लिहिलेलं होतं. दोन्ही कामं होतील, हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात ही दोन वेगळी यंत्रं आहेत.

उणे १८ अंश ठेवायचे तर भिंतीवरचा फरक ३५ ऐवजी ५५ अंश होतो. माशातलं पाणी गोठवताना खूप उष्णता काढावी लागते. २०० किलो मासा ४ अंशांवरून उणे १८ पर्यंत न्यायला सुमारे १६ युनिट, ३० वरून न्यायला २१. मशीनचा चढ वाढतो, एका युनिट विजेत १.३ युनिटच्या आसपास उष्णता हलते. कॉइलवरचा बर्फ काढायला कूलरमध्ये मशीन थोडा वेळ बंद ठेवलं तरी चालतं, कारण आतली २ अंशांची हवाच तो वितळवते. फ्रीझरमध्ये त्यासाठी हीटर लावावा लागतो, म्हणजे थंड खोलीत मुद्दाम उष्णता. सगळं धरून आपल्या चांगल्या खोलीचे साडेआठ युनिट ३५-४० वर जातात. चौपटीहून जास्त.

आणि त्यातही एक मेख आहे. उणे १८ ची साठवणीची खोली गोठलेला माल गोठलेला ठेवण्यासाठी असते, ताजा माल गोठवण्यासाठी नाही. तिच्यात २०० किलो ताजा मासा टाकला तर तो फार हळू गोठतो. हळू गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक होतात, मांसाच्या पेशी फाटतात, आणि बाहेर काढल्यावर पाणी सुटून मासा लिबलिबीत होतो. पटकन गोठवायला उणे ३५ च्या आसपास जोराची थंड हवा देणारा ब्लास्ट फ्रीझर लागतो, तो वेगळा खर्च.

संस्थेचा माल तर तिरोडा, गोंदियाच्या बाजारात दोन-चार दिवसांत जाणार आहे. रोहू-कतला ताजा असतानाच बर्फात नीट ठेवला तर दहा-बारा दिवस खाण्यालायक राहतो. मग फ्रीझर कशासाठी?

वीज गेली तर

इथे माझा विषय येतो. खोलीत ५० किलो बर्फ ठेवला, तर वितळताना तो ४.६ युनिट उष्णता घेतो. दार बंद असेल आणि भिंती १०० मिलिमीटरच्या असतील, तर भिंतीतून येणारी सुमारे बारा तासांची उष्णता त्यात मावते. ६० मिलिमीटरच्या भिंतीत तोच बर्फ सात तासांत संपतो. वीज असताना गोठवायचं आणि नसताना वितळू द्यायचं, हाच विचार सौर कोल्ड रूममध्येही वापरतात. पुण्याच्या इकोझेन कंपनीची इकोफ्रॉस्ट ही खोली रात्रीसाठी अशीच थंडी साठवून ठेवते. माझ्या प्रयोगशाळेत आम्ही बर्फाऐवजी वेगवेगळ्या तापमानाला वितळणारी मिश्रणं तपासतो. पण २ अंशांच्या खोलीसाठी साधा बर्फ काही वाईट नाही, आणि तो तिरोड्यातही मिळतो.

ऑर्डर देताना विचारायचे प्रश्न

मामाला शेवटी एका कागदावर हे लिहून दिलं. क्रमही हाच ठेवायचा.

१. रोज किती किलो माल, वर्षातले किती दिवस, आणि किती दिवस साठवायचा? मासेमारी बंद असते तेव्हा खोली बंद ठेवता येईल का?
२. माल खोलीत येताना किती अंशांवर असेल? बर्फ आणि खोक्यांची सोय आधी झाली का?
३. आत किती अंश हवेत? फ्रीझरची खरंच गरज आहे का?
४. पॅनेलची जाडी किती? जमिनीत थर आहे का? दोन्ही कोटेशनवर लेखी हवं.
५. दार आपोआप लागतं का, पडदा आहे का, आतून उघडता येतं का? (शेवटचा प्रश्न बिलाचा नाही, जिवाचा आहे.)
६. आतले पंखे किती वॉटचे, ईसी आहेत का?
७. बाहेरचं युनिट कुठे बसणार? सावली आणि मोकळी हवा?
८. गॅस कोणता? आर-४०४ए गळला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट तापमानवाढ करतो. भारताने २०२१ मध्ये किगाली कराराला मान्यता दिली आहे, त्यामुळे असे गॅस हळूहळू कमी होत जाणार. पंधरा वर्षांनी तो कुठून भरणार, हे आज विचारा.
९. ४५ अंशांत, या सगळ्या ओझ्यावर, मशीन दिवसाला किती तास चालेल आणि किती युनिट घेईल? हा आकडा लेखी मागा.
१०. आणि आता सांगा, मशीन किती एचपीचं?

मामाने कागद वाचला आणि म्हणाला, "एवढं विचारलं तर तो विकणारा पळूनच जाईल." एक पळालाही म्हणे. दुसऱ्याने मात्र पॅनेलची जाडी लिहून दिली, फ्रीझर काढून टाकला आणि कंप्रेसर एक नंबर खाली आणला. संस्थेची बैठक अजून व्हायची आहे. दरम्यान त्यांनी झाकणाची आठ मोठी बर्फाची खोकी घेतली आहेत, आणि मामा सांगत होता की संध्याकाळच्या मालाला आता सकाळची गिऱ्हाइकं मिळायला लागली आहेत. कोल्ड रूमचं पहिलं काम तिच्याआधीच सुरू झालंय, असं म्हणायला हरकत नाही.